वाचकांचे प्रश्न : भूतशोधासाठी उपकरणे कोणती घ्यावीत आणि ती कशी वापरावीत

जुन्या वाड्यांमधील वीजजोडणीविषयी या सदरात लिहिल्यानंतर भुताखेतांच्या अनुभवांची आणि त्यांच्या शोधासाठी विकल्या जाणाऱ्या उपकरणांची चौकशी करणारी बरीच पत्रे आली. मी तंत्रनिकेतनात अनेक वर्षे मापनयंत्रे शिकवली, त्यामुळे यंत्राच्या बाजूने जे ठामपणे सांगता येते तेवढेच येथे लिहीत आहे. पहिले पत्र सर्वांत शेवटी हाती आले, परंतु त्याचे उत्तर आधी देणे भाग आहे.

प्रश्न : नव्या भाड्याच्या घरात थंडीच्या दिवसांत सकाळी अंघोळ करताना पाठीमागे कोणीतरी उभे असल्याचा भास होतो, छातीवर दडपण येते आणि डोके दुखते. पत्नीलाही तसेच होते. न्हाणीघरात रात्री पाहणारा इन्फ्रारेड कॅमेरा लावावा असे मित्र सुचवतात. कोणता घ्यावा? – एक वाचक, नाशिक

कॅमेरा घेऊ नका. न्हाणीघरात गॅस गिझर असल्याचे आपण पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. तो आजच बंद करा आणि अधिकृत तंत्रज्ञाने तपासून धूर बाहेर जाण्याची सोय करून देईपर्यंत पुन्हा सुरू करू नका. बंद खिडकीच्या लहान खोलीत गॅस जळताना प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, छातीवरचे दडपण, भीती आणि भास ही त्याची लक्षणे असू शकतात, आणि त्यानंतरची पायरी बेशुद्धीची असते. १९२१ साली अमेरिकेतील नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात डॉ. विल्मर यांनी एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली होती. त्या घरातील माणसांना पावले ऐकू येत, अनोळखी आकृती दिसत, मुले निस्तेज झाली होती, आणि अखेरीस दोष निघाला तो तळघरातील, घर तापवणाऱ्या बिघडलेल्या भट्टीचा.

आपल्याला घ्यायचे उपकरण म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. दुकानात 'गॅस डिटेक्टर' मागितल्यास बहुधा स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारे यंत्र हातात पडते. त्याचा येथे उपयोग नाही, म्हणून वेष्टनावर 'कार्बन मोनॉक्साइड' असे स्पष्ट लिहिलेले पाहूनच घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचे यंत्र जमिनीलगत लावतात, तर कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतक्याच वजनाचा असल्याने त्याचा अलार्म निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवर, साधारणपणे डोक्याच्या पातळीला लावतात. चांगला अलार्म हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) प्रमाण झाल्यास ३ मिनिटांच्या आत वाजतो. ५० पीपीएमला मात्र तो तासाहून अधिक वेळ घेऊ शकतो, म्हणून तो वाजला नाही याचा अर्थ सर्व ठीक आहे असा घेऊ नये. डॉक्टरांकडे जाताना गिझरचा उल्लेख अवश्य करा, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेतही प्राणवायू उत्तम असल्याचे दाखवू शकतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते.

प्रश्न : आम्ही पाच महाविद्यालयीन मित्र आहोत. पडक्या इमारतींमध्ये रात्री शोध घेण्याची इच्छा आहे आणि १५ हजार रुपये जमवले आहेत. के-टू मीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर, स्पिरिट बॉक्स आणि हात जवळ नेताच वाजणारा पॉड असे तयार किट मिळते. ते घ्यावे का? – पाच मित्र, कोल्हापूर

किट घेऊ नका, असे माझे मत आहे; त्यामागचे कारण मात्र नीट समजून घ्या. यातील एकही यंत्र भूत मोजत नाही. प्रत्येक यंत्र एक विशिष्ट भौतिक राशी मोजते, आणि ती राशी बदलली म्हणजे कोणी आले हा अर्थ आपण वरून लावलेला असतो. म्हणून आधी तक्रार लिहून काढावी, त्या तक्रारीत कोणती राशी गुंतलेली असू शकते ते ठरवावे, आणि मग ती मोजणारे यंत्र घ्यावे. किट विकत घेणारा नेमका उलट्या क्रमाने जातो.

के-टू मीटर हे घरातील विजेच्या तारांभोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र मोजण्यासाठी बनवलेले यंत्र आहे. त्यावर आकडा येत नाही, केवळ पाच दिवे असतात, १.५, २.५, १० आणि २० मिलिगॉस (चुंबकीय क्षेत्राचे एकक) या टप्प्यांवर एकेक दिवा वाढत जातो. ते एकाच दिशेतील क्षेत्र मोजते, त्यामुळे मनगट वळवले तरी दिवे बदलतात. खिशातील मोबाइलने टॉवरशी संपर्क साधताच दिवे नाचू लागतात. मी वर्गात एक प्रयोग करून घेत असे. मीटर टेबलावर ठेवायचा, शेजारी मोबाइल ठेवायचा आणि दुसऱ्याने त्या मोबाइलवर फोन लावायचा. पुष्कळदा घंटी वाजण्याआधीच लाल दिवा पेटत असे आणि मुले दचकत असत. तुम्ही पाचही जण मोबाइल खिशात ठेवून पडक्या इमारतीत फिरलात तर तुमचा मीटर तुम्हालाच शोधत राहील. मीटर घ्यायचाच असेल तर तिन्ही दिशांत मोजणारा आणि आकडा दाखवणारा घ्या.

किटमधील पॉड स्वतःभोवती विद्युत क्षेत्र निर्माण करतो आणि त्यात बदल झाला की वाजतो. दमट हवा, जवळून गेलेला माणूस, वॉकी-टॉकी यांपैकी काहीही त्याला पुरते. व्हिडिओ गेमच्या कॅमेऱ्यापासून बनवलेला आणि पडद्यावर काड्यांची मानवाकृती दाखवणारा एक कॅमेराही सध्या लोकप्रिय आहे. तो कॅमेरा समोर इन्फ्रारेड ठिपके टाकतो आणि त्यांच्या मांडणीतून माणसाचा सांगाडा जुळवतो. माणूस शोधणे हेच त्याचे काम असल्याने खुर्ची, खुंटीवरचा कोट आणि पडदा यांतूनही तो माणूस जुळवून देतो.

त्या १५ हजारांत मी काय घेईन ते सांगतो. हवेचे तापमान आणि आर्द्रता दर मिनिटाला स्वतः नोंदवणारे दोन छोटे डेटालॉगर. तिकाटण्यावर स्थिर बसणारा, रात्री पाहणारा एक साधा कॅमेरा. आवाजाची फाइल न आकसवता, जशीच्या तशी नोंदवणारा एक रेकॉर्डर. प्रत्येकाला स्वतंत्र टॉर्च. मोजपट्टी, खडू, दोरा, चिकटपट्टी. आणि शिवलेली वही, जिची पाने फाडली तर कळेल. लंडनचे भूतसंशोधक हॅरी प्राइस यांनी १९३७ साली इंग्लंडमधील बोर्ली रेक्टरी हे झपाटलेले म्हणून गाजलेले घर वर्षभरासाठी भाड्याने घेतले आणि निरीक्षक नेमून त्यांच्या हाती छापील सूचनांची पुस्तिका दिली. प्राइस यांच्या सचोटीवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष मी स्वीकारत नाही. परंतु त्यांच्या पेटीत पोलादी मोजपट्टी, दारे मोहोरबंद करण्याचे साहित्य आणि कंपन दिसावे म्हणून पाऱ्याचे भांडे होते, आणि ती निवड आजच्या किटपेक्षा विचारपूर्वक केलेली होती. पाऱ्याला तुम्ही हात लावू नका, तो विषारी आहे. पसरट ताटात पाणी घेऊन त्यावर टॉर्चचा झोत तिरका पाडा आणि भिंतीवर उमटणारा कवडसा पाहा. शेजारच्या रस्त्यावरून गेलेला ट्रकही त्या कवडशात थरथरतो.

पहिल्या भेटीत शोध घ्यायचाच नाही. दिवसा जाऊन प्रत्येक खोलीचा नकाशा काढा, खोलीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी वाचने घ्या, आणि त्यांवर वेळ लिहा. या मूळ वाचनांशिवाय रात्रीच्या आकड्याला अर्थ नाही. सर्व यंत्रांची घड्याळे निघण्यापूर्वी एकाच घड्याळाशी जुळवा. कोणी खोकला, कोणाचा बूट घासला, कोणाचे पोट गुरगुरले तर त्याच क्षणी मोठ्याने सांगून ते रेकॉर्डरवर नोंदवा, कारण दोन दिवसांनी ऐकताना तो आवाज कोणाचा होता हे पाचांपैकी एकालाही आठवत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही इमारतीत शिरू नका. बहुतेक संरक्षित स्मारकांत सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो. राजस्थानातील भानगड किल्ल्यावरचा पुरातत्त्व खात्याचा फलक लोक भुताचा पुरावा म्हणून दाखवतात, परंतु अंधारानंतरची बंदी पुष्कळ स्मारकांना लागू असते. पडक्या घरात कुजलेली तुळई, उघडी विहीर आणि घोणस ही भीती अगदी खरी आहे. जाड तळव्याचे उंच बूट घाला आणि कोठे जात आहात ते घरी सांगून जा.

प्रश्न : मोबाइलमधील भूतशोधक अॅप खरोखर काही मोजतात का? – एक विद्यार्थिनी, परभणी

रडारसारखा पडदा आणि त्यावर शब्द दाखवणारी अॅप मनोरंजनासाठी असतात. फोनमध्ये मात्र दिशादर्शकासाठी बसवलेला खरा चुंबकमापक असतो, आणि जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने तयार केलेल्या 'फायफॉक्स' या मोफत अॅपमधून त्याची वाचने घेता येतात. महाराष्ट्रात पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला (एक मायक्रोटेस्ला म्हणजे दहा मिलिगॉस) असल्याने त्याच्या आसपासचा आकडा म्हणजे काहीच नसल्याचे लक्षण आहे. कपाट, भिंतीतील लोखंडी सळई किंवा स्पीकर जवळ आल्यावर तो बदलतो. घरातील ५० हर्ट्झच्या विजेचे क्षेत्र फोन विश्वासार्हपणे मोजू शकत नाही.

प्रश्न : गुहागरजवळ आमचे कौलारू आजोळ आहे. रात्री अकरानंतर माळ्यावर पावले वाजतात, आणि माजघराच्या एका कोपऱ्यात अचानक गारवा जाणवतो. आई आता तेथे राहायला तयार नाही. गार जागा पकडण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर मागवला आहे. तो कसा वापरावा? – एक वाचक, ठाणे

हा थर्मामीटर हवेचे तापमान मोजत नाही, समोरच्या पृष्ठभागाचे मोजतो. खोलीच्या मध्यभागी रोखलात तर पलीकडच्या भिंतीचा आकडा येतो. त्याची लाल लेसर टिकली एवढीशी असली तरी मोजलेला भाग बराच मोठा असतो. अंतर आणि मोजलेल्या भागाची रुंदी यांचे गुणोत्तर १२ : १ असलेल्या यंत्रात ३ मीटर अंतरावर तो २५ सेंटिमीटर रुंद असतो. घासूनपुसून लखलखीत केलेली समई किंवा तांब्याचा हंडा यांवर तर तो सपशेल चुकतो, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी बाहेर टाकतो आणि आसपासची परावर्तित करतो. हंड्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून तो थोडा वेळ तसाच ठेवा आणि दोन्ही ठिकाणी मोजा, म्हणजे फरक दिसेल.

माजघरातील गारव्यासाठी उदबत्ती घ्या. पंखा बंद करून, दारे रोजच्यासारखी ठेवून, कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत वीतभर अंतराने ती धरत जा आणि धूर कोठे वाकतो ते पाहा. कौलारू घरात रात्री बाहेरची हवा थंड झाली की ती उंबऱ्याखालून आणि भिंत व वासे यांच्या फटीतून खाली उतरते. घामेजलेल्या अंगाला तो एवढासा झोतही थंडगार लागतो, मग थर्मामीटरवर अर्ध्या अंशाचाही फरक नसो. त्याच कोपऱ्यात एक आणि खोलीच्या मध्यभागी एक असे दोन डेटालॉगर आठ दिवस टांगून ठेवा. दोन्हींच्या आलेखांत ठरावीक वेळीच फरक पडत असेल तर हवेची वाट शोधायची.

माळ्यासाठी मी यंत्राआधी पीठ सुचवेन. दिवसा माळा झाडून घ्या, चाळणीने तांदळाच्या पिठाचा अगदी पातळ थर पसरा, आणि शिडी काढून घ्या. आपल्याकडे जुनी माणसे राख पसरून हेच करीत असत. माझ्या मामांच्या घरी असाच थर टाकला होता, तेव्हा सकाळी आढ्याखालून पाच बोटांचे लहान ठसे सरळ रेषेत गेलेले दिसले आणि मधोमध शेपटीची ओढ होती. ते उदमांजर होते. त्याची विष्ठाही पुढे फळांच्या बियांसह सापडली. माळ्यावर गव्हाणी घुबड असेल तर पिठात ठसे कमी आणि खाली हाडे व केस असलेल्या गोळ्या जास्त मिळतील. त्याची किंकाळी ऐकलेल्या माणसाला भीती वाटली तर त्यात नवल नाही. ठसे नाहीत आणि आवाज मात्र ठरावीक वेळी येतो, असे झाले तर दिवसभर तापलेले वासे व पत्रे थंड होऊन आकसत असण्याची शक्यता मोठी. तिसरा डेटालॉगर माळ्यावर ठेवलात तर तापमानाची उतरण आणि आवाजाची वेळ एकमेकांशी जुळतात का ते दिसेल.

कॅमेरा लावलात तर चित्रात येणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांना घाबरू नका. कॅमेऱ्याचा दिवा आणि भिंग अगदी जवळ असतात, त्यामुळे भिंगापासून दोन-चार बोटांवर उडणारी धूळ उजळून निघते आणि फोकसबाहेर असल्याने वाटोळी दिसते. त्याच जागी सतरंजी झटकून एक छायाचित्र काढा आणि ते आईंना दाखवा. रात्री चित्रावरून सरकणारी तेजस्वी रेघ बहुतेक वेळा भिंगासमोर जाळे विणणाऱ्या कोळ्याची असते.

प्रश्न : जुन्या गिरणीत केलेल्या ध्वनिमुद्रणात 'जा इथून' असे स्पष्ट ऐकू येते. स्पिरिट बॉक्सवरही उत्तरे मिळाली. हा पुरावा मानता येईल का? – एक वाचक, सोलापूर

स्पिरिट बॉक्स हा केंद्रांवरून न थांबता सरकत राहणारा रेडिओ आहे. पूर्वीच्या 'फ्रँक्स बॉक्स' या यंत्रापासून ही पद्धत रूढ झाली. सोलापूरसारख्या शहरात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात निवेदकांचे आणि गाण्यांचे तुकडे सतत मिळणार, आणि प्रश्न विचारून कान टवकारलेल्या माणसाला त्यातून उत्तर सापडणार. मी स्पिरिट बॉक्स शोधाच्या साहित्यात धरत नाही.

ध्वनिमुद्रणाचे तसे नाही, ते तपासता येते. १९५९ मध्ये स्वीडनचे फ्रीडरिख युर्गेन्सन यांना पक्ष्यांच्या मुद्रणात माणसांचे आवाज ऐकू आल्यापासून मुद्रणात मृतांचे आवाज शोधण्याला चालना मिळाली, आणि लॅटव्हियाचे कॉन्स्टान्टिन राउडिवे यांना तर एकाच वाक्यात अनेक भाषा ऐकू येत असत. राउडिवे यांना त्या सर्व भाषा येत होत्या, हे मला फार बोलके वाटते. मेंदूला अस्पष्ट ध्वनीत आपल्या ओळखीचे शब्द सापडतात. रेकॉर्डरमध्ये शांतता असताना आवाज आपोआप चढवण्याची सोय सुरू असेल तर दूरचा खोकलाही जवळ आल्यासारखा होतो. ती सोय बंद करा, मुद्रण डब्ल्यूएव्ही या न आकसवलेल्या फाइलच्या स्वरूपात करा आणि दोन रेकॉर्डर वेगवेगळ्या टोकांना ठेवा. खोलीत खरोखर आवाज झाला असेल तर तो दोन्हींत, वेगवेगळ्या जोराने, सापडला पाहिजे.

त्यानंतर तो तुकडा ज्यांना काहीच सांगितलेले नाही अशा सहा जणांना स्वतंत्रपणे ऐकवा आणि ऐकू येईल ते लिहून घ्या. आपल्याकडे कन्नड आणि तेलुगू बोलणारे शेजारी आहेत, त्यांनाही घ्या. 'जा इथून' हे कोणत्याही सूचनेशिवाय किती जण लिहितात, त्यावर त्या मुद्रणाचे मोल ठरेल. माझ्यासमोर झालेल्या अशा प्रत्येक ऐकण्यात सहा कागदांवर सहा वेगळी वाक्ये आली आहेत. तुमच्याकडे वेगळे आले तर मूळ फाइल, काटछाट न करता, मला अवश्य पाठवा.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला रात्री कधी कधी जाग येते, अंग हलत नाही आणि उशाशी कोणीतरी दिसते. एका गटाने घरी येऊन मीटर फिरवला. तिच्या पलंगाशी लाल दिवा लागला आणि 'येथे अस्तित्व आहे, शुद्धीकरणासाठी ४० हजार रुपये लागतील' असे त्यांनी तिच्यासमोर सांगितले. आता ती त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. आम्ही स्वतः मीटर घेऊन खात्री करावी का? – एक आई, डोंबिवली

पैसे देऊ नका. लहान मुलीसमोर असे वाक्य उच्चारणाऱ्यांचा मला मनापासून राग आला आहे. मीटर घेण्याजोगा आहे, पण कारण वेगळे आहे. पलंगाच्या उशाची भिंत कोणाशी सामाईक आहे ते पाहा. पलीकडे इमारतीचा मीटरबोर्ड, इन्व्हर्टर किंवा शेजाऱ्यांचा फ्रीज असला तर त्या जागी दिवे लागणारच, कारण चुंबकीय क्षेत्र विटांच्या भिंतीतून सहज पार होते. उशीपाशी वाचन घ्या, नंतर घराचा मेन स्विच बंद करून पुन्हा घ्या. वाचन उतरले तर कारण आपल्याच तारांत आहे. तसेच राहिले तर पलीकडच्या किंवा जिन्यातल्या तारांत. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग कोठेतरी एकत्र झाले तरी क्षेत्र बरेच वाढते, म्हणून परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवला आहे का ते पाहा. आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही: सामान्य नागरिकांसाठी ५० हर्ट्झला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा २००० मिलिगॉस आहे, आणि के-टूचा शेवटचा दिवा २० मिलिगॉसलाच लागतो.

अशा क्षेत्रांमुळे माणसाला आकृत्या दिसतात, असेही काही ठिकाणी सांगितले जाते. लंडनमधील संशोधकांनी मुद्दाम बांधलेल्या खोलीत ७९ जणांना प्रत्येकी ५० मिनिटे ठेवून हे तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेकांना विचित्र अनुभव आले, परंतु क्षेत्र चालू होते की बंद याच्याशी त्यांचा संबंध आढळला नाही.

मुलीला जे होते त्याचे वर्णन निद्रा-पक्षाघाताशी तंतोतंत जुळते. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू शिथिल केलेले असतात. मन आधी जागे झाले आणि शरीर मागे राहिले तर हलता येत नाही आणि स्वप्नातील आकृती खोलीत दिसते. अपुरी झोप, उताणे झोपणे आणि ताण यांनी ते वाढते. हे मोजणारे यंत्र पेटीत नसते. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांना भेटा, आणि रात्री-अपरात्री बोलावेसे वाटल्यास शासनाची 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. त्या गटाविषयी पोलीस ठाण्यात चौकशी करा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार यासाठी दक्षता अधिकारी नेमलेले असतात, आणि आपल्या प्रकरणात तो कायदा लागू होतो का ते त्यांच्याकडून व वकिलांकडून कळेल. त्या गटाने दिलेली पावती, संदेश आणि चित्रफिती जपून ठेवा, पुसू नका.

मीटर आणलात तर तो आधी मुलीच्याच हाती द्या, आणि दिवसा, स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. मिक्सर चालू करून तिला जवळ नेऊ द्या, मग फ्रीजच्या मागे, मग चार्जरपाशी. प्रत्येक ठिकाणी किती दिवे लागले ते तिला वहीत लिहू द्या, आणि हातभर मागे सरकल्यावर ते कसे विझतात तेही पाहू द्या. उशाशी लागलेला दिवा याच यादीत एक ओळ म्हणून तिने स्वतः लिहावा. पलंग त्या भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला हलवायचा का, हेही तिलाच ठरवू द्या, आणि ती म्हणेल तितक्या रात्री तिच्याशेजारी झोपा.